‘सगळेच पितात’ म्हणे!

बहिणीने एक फॉरवर्ड पाठवला. भाचा यंदा होस्टेलवर जाणार म्हणून ती आधीच धास्तावलेली, त्यात हे. मजकूर थोडक्यात असा: कॉलेजात सगळेच पितात, संगतीने बिघडतात ती कच्च्या मनाची मुलं, म्हणून आधी घरीच थोडी देऊन सवय करा, आणि कधी जास्त झालीच तर झोपू द्या, सकाळी उतरते. वर ‘प्रत्येक पालकाने वाचावे’. वाचलं.

सगळेच पितात? कोणी मोजलं? हे वाक्य नुसतं चुकीचं असतं तर सोडून दिलं असतं, पण पोरांना प्यायला लावतं ते हेच. डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर या मानसशास्त्रज्ञांचा प्रिन्स्टन विद्यापीठातला अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना विचारलं होतं: इथल्या पिण्याबद्दल तुला स्वतःला कसं वाटतं, आणि इथल्या सर्वसाधारण विद्यार्थ्याला कसं वाटत असेल? एकूण सूर असा निघाला की मला ते तितकंसं रुचत नाही, बाकीच्यांना मात्र चालतं. अहो, सगळेच असं म्हणत असतील तर हे ‘बाकीचे’ राहतात कुठे? जो तो मनातून अवघडलेला, चेहऱ्यावर हसू, आणि दुसऱ्याचं हसू मात्र खरं धरून चाललेला. पुढचं तर आणखी वाईट. सत्र सरता सरता मुलग्यांची स्वतःची मतं त्या काल्पनिक बहुमताकडे सरकली. (मुलींची नाही सरकली.) आणि आपण काय करायचं, तर पोरगा घराबाहेर पडण्याआधीच हे बहुमत त्याच्या कानात भरायचं!

संगतीचा परिणाम होतो, एवढं मान्य. एका अमेरिकी विद्यापीठात रूममेट चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरायचे. आधीपासून पिणारा रूममेट ज्या मुलग्यांच्या वाट्याला आला, त्यांचे गुण सरासरीने कमी भरले. मनं कच्ची की पक्की हे बघून काही खोल्या वाटल्या नव्हत्या.

घरी देऊन सवय? ऑस्ट्रेलियात किशोरवयीन मुलांचा सहा वर्षं मागोवा घेतला, घरून दारू मिळाल्याने धोका कमी झाल्याचं काही दिसलं नाही.

आणि ‘झोपू द्या’ हे लिहिणाऱ्याला तर काय म्हणावं! शेवटच्या घोटानंतरही रक्तातलं दारूचं प्रमाण काही वेळ चढत राहतं. बेशुद्धीत उलटी श्वासनलिकेत गेली तर जीव जातो. हलवूनही जाग येत नसेल, श्वास अडखळत असेल, तर कुशीवर वळवा, शेजारून हलू नका आणि ॲम्ब्युलन्स बोलवा. कॉफीने किंवा गार पाण्याच्या अंघोळीने काही उतरत नाही.