फुकट मिळतात ते पणजोबांचे शब्द

"मराठीत ऑनलाइन काही मिळतच नाही हो." दर वर्षी २७ फेब्रुवारी जवळ आला की हे वाक्य कानावर येतं. यंदा मी उलट उत्तर द्यायचं ठरवलंय. मिळतं. भरपूर मिळतं आणि फुकट मिळतं. रडायचंच असेल तर त्याला दुसरं, जास्त खरं कारण आहे. त्यावर येतेच.

मी जाहिरातींची आणि सबटायटल्सची भाषांतरं करते. अंधेरी नाहीतर लोअर परळच्या कुठल्यातरी ऑफिसातून दुपारी चारला इंग्रजी स्क्रिप्ट येते, बरोबर "ईओडी प्लीज", म्हणजे आजच संपवा, असा प्रेमळ निरोप. अशा धंद्यात दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संदर्भ विभागात जाऊन कोश चाळत बसण्याची चैन परवडत नाही (परवडली तर जरूर करा, संस्था १८९८ची आहे). जे काय शोधायचं ते समोरच्या स्क्रीनवरच.

तर पहिलं नाव मोल्सवर्थ. जेम्स मोल्सवर्थ, म्हणजे आपल्या लोकांचे मोलेसरशास्त्री. त्यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ची, दुसरी, वाढवलेली, १८५७ची. दुसरीत साठ हजारांच्या घरात शब्द. पुस्तक छापलं मुंबईत आणि आज ते सगळ्यात सोयीने कुठे बघता येतं, तर शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर. दक्षिण आशियातल्या भाषांचे कोश त्यांनी तिथे मांडून ठेवलेत. मराठीचे एक नाही, पाच.

हे बऱ्याच जणांना माहीत असतं. ज्याची कल्पना फार थोड्यांना असते ती गोष्ट अशी की हा कोश उलटाही वापरता येतो. शोधताना फक्त मूळ शब्दात न शोधता अर्थांसकट सगळ्या मजकुरात शोधायचं. मध्यंतरी समुद्रकिनाऱ्यावरच्या एका माहितीपटाचं काम होतं आणि मूळ संहितेत प्रत्येक ठिकाणी एकच शब्द: 'बोट'. मराठीत सबटायटल टाकलं "दूर एक बोट दिसते" की प्रेक्षक कुणाचं बोट म्हणून शोधत बसणार. मी इंग्रजीतला 'बोट' मोल्सवर्थच्या मजकुरात शोधायला टाकला आणि समोर ताफाच आला. होडी, मचवा, पडाव, शिबाड, गलबत. शिवाय नुसती नावं नाहीत, कुठलं लहान, कुठलं मोठं, कुठलं माल वाहायचं हेही त्या माणसाने जमेल तिथे लिहून ठेवलंय. वर्सोव्याच्या दृश्याला शिबाड चालणार नव्हतं, होडी चालली. पण निवड करायला समोर काहीतरी असावं लागतं ना! समानार्थी शब्दांचा कोश नाही म्हणून हळहळणाऱ्यांनी एकदा हा उद्योग करून बघा. रात्र जाईल, आधीच सांगते.

दुसरं घर दाते-कर्व्यांचं. महाराष्ट्र शब्दकोश, सात विभाग, १९३२ ते १९३८, आणि पुढे १९५०ला पुरवणी. हाही त्याच शिकागोच्या संकेतस्थळावर आहे. मला हा मोल्सवर्थपेक्षा जास्त आवडतो, कारण इथे अर्थ मराठीत आहे आणि अर्थाबरोबर पुरावा आहे. शब्दापुढे ज्ञानेश्वरीतली ओवी, तुकोबांचा अभंग, बखरीतली ओळ, जे असेल ते. लिहिणाऱ्याला अर्थापेक्षा शब्द कुणाच्या तोंडी कसा बसला होता हे बघायची गरज जास्त असते.

आता इथे हमखास गाडी अडते. लोक 'काही' टाइप करतात, हाती काही लागत नाही, आणि "कोशात साधा 'काही' पण नाही" अशी पोस्ट पडते. अहो, कोश १९६२च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीचे आहेत. उच्चारात नसलेले अनुस्वार तेव्हा लिहीत असत. तिथे तो शब्द 'कांहीं' आहे, 'नाव' हे 'नांव' आहे आणि क्रियापदं 'करणें', 'बसणें' अशी आहेत. डोक्यावर टिंब द्या, दार उघडतं.

बाकीच्यांचं पटकन सांगते. पवईच्या आयआयटीने केलेला 'मराठी शब्दबंध' संकल्पनेनुसार शब्द जोडतो. एका अर्थाचे शब्द एकत्र आणि त्यांचं नातं इतर भारतीय भाषांशी. कामाचा आहे, फक्त पाया हिंदीच्या अशाच शब्दजाळ्यावर घातलेला असल्याने अधूनमधून हिंदीचा वास येतो. राज्य सरकारच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश, म्हणजे विषयवार पारिभाषिक शब्दांचे कोश, विम्याच्या, बँकेच्या, निविदेच्या मजकुराला लागतातच. त्यांची टिंगल करणाऱ्यांनी एकदा विम्याचं माहितीपत्रक बोलीभाषेत करून दाखवावं. (प्रेमाच्या दृश्याला मात्र ते वापरू नका. लोक वापरतात. मी वाचलंय.) विश्वकोश आणि केतकरांचा ज्ञानकोश दोन्ही ऑनलाइन आहेत. टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीने जुनी पुस्तकं, वृत्तपत्रं 'ग्रंथसंजीवनी'वर चढवलीत. साहित्य संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावरून तशीच उतरवून घेता येतात.

मग रड कशाची?

वरची सालं परत बघा. १८५७. १९३८. १९५०. शिकागोच्या यादीत त्यामानाने ताजा कोश आहे तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा, तो मुंबईतच १९९९ला निघाला. आणि तो आहे यादवकाळापर्यंतच्या मराठीचा! म्हणजे नवा कोश सगळ्यात जुन्या भाषेचा. चक्रधरस्वामींच्या काळातल्या बाईने काय म्हटलं असेल ते मी पाच मिनिटांत तपासू शकते, पण करी रोडच्या नाक्यावरचा पोरगा आज काय म्हणतो ते तपासायला माझ्याकडे पुराव्यासकट एक ओळ नाही. 'कल्टी मारणे' छापून पहिल्यांदा कधी आलं? 'झोल' म्हणजे सैल दोरीला पडणारा झोल, हे जुनं. तो पैशाच्या व्यवहारात कधी शिरला, कुणी आधी लिहिला? गिरण्या बंद पडल्यावर त्यांच्याबरोबर कुठले शब्द गेले? हे सांगणारा, तारखा आणि उदाहरणं देणारा, दाते-कर्व्यांच्या तोलाचा कोश पुढच्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांचा ऑनलाइन नाही.

याचं एक कारण साधं आहे, कायद्यातलं. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो. त्यामुळे सहज, फुकट, कायदेशीर जे मिळतं ते बहुतेक जुनंच असणार. लेखकांच्या वारसांना पैसे मिळू नयेत असं मला अजिबात म्हणायचं नाही, मीही लिहून पोट भरते. पण जे सरकारी खर्चाने होतं त्याचं काय? एका सरकारी संकेतस्थळावरून मी परिभाषेची पीडीएफ घेतली. दिसायला सुंदर. एक शब्द कॉपी करून शोधायला गेले तर चिकटवल्यावर खंजिराची चिन्हं, टक्के आणि डॉलर. मजकूर युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या संगणकांना सारखीच कळणाऱ्या अक्षरांच्या, आधीच्या फॉन्टात होता. असं पुस्तक ऑनलाइन आहे म्हणायचं का? शोधता येत नाही, त्यातलं काही उचलता येत नाही, म्हणजे कपाटाची काच बदलली एवढंच.

"एआयला विचार की" असं आता कॉमेंटमध्ये येणारच. विचारते. वाक्य आटोपशीर करायला बरा मदतनीस आहे. पण म्हण विचारली तर छातीठोकपणे नसलेली म्हण हातावर ठेवतो आणि दर दुसरं वाक्य "आपण हे करू शकता" असं हिंदीच्या चालीवर येतं. त्याला तरी दोष काय द्यायचा, नेटवर जे मराठी सापडलं त्यावरच तो वाढला. आचार्यांना आणि आचाऱ्यांना यातला फरक आपलाच कीबोर्ड धड पाळू देत नाही. इंग्रजी अक्षरांतून टाइप करणारे पहिला दिसेल तो पर्याय दाबतात आणि लग्नाच्या जेवणाचे पैसे शंकराचार्यांना जातात.

ज्यांना खरंच काही करायचंय त्यांनी मराठी विकिस्रोत उघडावं, म्हणजे जुनी पुस्तकं लोकांनीच टाइप करून ठेवलेलं विकिपीडियाचं भावंड. डावीकडे टाइप केलेला मजकूर, उजवीकडे छापील पानाचं चित्र. दोन्ही ताडून बघायचं, चुका दुरुस्त करायच्या. तपासायचं पान लाल दिसतं. एकाने तपासलं की पिवळं. हिरवं व्हायला मात्र दुसऱ्याच माणसाने पुन्हा तपासावं लागतं, पहिल्याला तो हक्क नाही. मला ही पद्धत फार पसंत आहे, कारण आपल्या चुका आपल्याला दिसत नाहीत हे तिने आधीच गृहीत धरलंय. तेव्हा कुणी माझ्या मागून पिवळी पानं बघायला तयार असेल तर इनबॉक्समध्ये सांगा. लोकलमध्ये फोनवरही जमतं, पण बसायला जागा मिळाली तरच. उभ्याने एक हात कडीला जातो.