‘क्रियापदापुढे नॉट टाका’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

सोसायटीच्या, माजी विद्यार्थ्यांच्या, स्पर्धा परीक्षांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘पाच मिनिटांत इंग्रजी नकारार्थी वाक्यं’. त्याचं म्हणणं असं. क्रियापद शोधा आणि त्याच्यापुढे ‘नॉट’ टाका. ‘मस्ट’ आणि ‘हॅव टु’ यांचा नकार एकच. दोन नकार आले की गणितासारखा होकार होतो. ‘आय डोन्ट थिंक ही विल कम’ हे चूक, कारण विचार तर तुम्ही करताच आहात. आणि शेवटी ठळक अक्षरांत: ‘मराठी डोक्यातून काढा, तरच जमेल.’

मी परळला संध्याकाळी नोकरदार मुलामुलींना इंग्रजी शिकवते. वर्गात जवळजवळ प्रत्येकाच्या फोनवर हा मेसेज आलेला आहे, काहींनी तो वहीत उतरवून घेतलाय. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

आधी ‘नॉट’चं बघू. ‘इज’, ‘कॅन’, ‘विल’, ‘हॅज’ यांच्यापुढे नॉट थेट बसतो, तेवढ्यापुरता नियम बरोबर आहे. पण ‘ही गोज’चं ‘ही गोज नॉट’ आज कोणी करत नाही. चारशे वर्षांपूर्वी ‘आय नो नॉट’ ही रोजची इंग्रजी होती. पुढच्या शंभर-दोनशे वर्षांत तिथे ‘डू’ येऊन बसला. आता ‘ही डझन्ट गो’. यात ‘गोज’चा शेवटचा ‘ज’ हरवत नाही, तो ‘डू’ला जाऊन चिकटतो आणि ‘डज’ होतो. मूळ क्रियापद मोकळं राहतं.

आता मराठी बघा. तो जातो, तो जात नाही. ते जातात, ते जात नाहीत. तू जातोस, तू जात नाहीस. ‘जात’ तसाच राहतो. कोण जातंय हे ‘नाही’, ‘नाहीत’, ‘नाहीस’ सांगतात. म्हणजे कर्त्याची खूण मुख्य क्रियापदावरून काढून नकाराच्या शब्दावर ठेवायची, हे काम आपण दोन-अडीच वर्षांचे असल्यापासून करतो. ‘डझन्ट गोज’ लिहिणाऱ्या मुलाला ‘तो जातो नाही’ म्हणून बघ म्हटलं, की त्याचं त्यालाच खटकतं.

भूतकाळात मात्र मराठीची वाट वेगळी आहे, आणि सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. पावसाळ्यात ऑफिसला पाठवायच्या रजेच्या मेलमध्ये हमखास येणारं वाक्य: ‘आय डिडन्ट केम यस्टरडे, देअर वॉज वॉटर ॲट हिंदमाता.’ मराठीत आपण ‘आलो नाही’ म्हणतो. काळ ‘आलो’मध्येच राहतो, म्हणून ‘केम’ तसाच उतरतो. इंग्रजीत काळ ‘डिड’ने उचललेला असतो, त्यामुळे ‘कम’च हवा. चूक कुठून येते हे एकदा कळलं की ती लवकर सुटते. नुसतं ‘क्रियापदापुढे नॉट’ सांगून ती कधीच सुटणार नाही.

‘मस्ट’ आणि ‘हॅव टु’चा दावा तर नुकसान करणारा आहे. होकारात दोन्हींचा अर्थ जवळजवळ सारखा. नकारात ‘यू मस्ट नॉट कम ऑन सॅटर्डे’ म्हणजे शनिवारी यायचं नाही, मनाई आहे. ‘यू डोन्ट हॅव टु कम ऑन सॅटर्डे’ म्हणजे यायची गरज नाही, आलात तरी चालेल. औषधाच्या सूचनेत हे दोन एक मानले तर काय होईल, सांगायला नको. मराठीत आपण ‘घेऊ नये’ आणि ‘घ्यायची गरज नाही’ यांत कधी गोंधळ करतो का?

दोन नकारांबद्दलचा सल्ला परीक्षेपुरता ठीक आहे, कारण मात्र चुकीचं दिलंय. प्रमाण इंग्रजीत ‘आय डोन्ट नो नथिंग’ लिहू नये, हे खरं. पण ते बोलणारे लाखो इंग्रज आणि अमेरिकन आहेत, आणि ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ ‘मला सगळं माहीत आहे’ असा लागत नाही. जुन्या इंग्रजीत एका वाक्यात दोन-तीन नकार सर्रास असत. गणिताचा दाखला अठराव्या शतकातल्या व्याकरणकारांनी रूढ केला. १७६२मध्ये व्याकरण लिहिणारे बिशप रॉबर्ट लोथ त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. आपल्याला उपयोगी पडेल असं वाक्य मराठीतच आहे: ‘कोणी कधी काही बोललं नाही.’ नकार एकच, बाकी कोणी, कधी, काही. इंग्रजीतही तेच: ‘नोबडी एव्हर सेड एनीथिंग.’ नकार एकदा ‘नोबडी’त आला, पुढे ‘एव्हर’ आणि ‘एनीथिंग’.

‘आय डोन्ट थिंक ही विल कम’बद्दल फार लिहायची गरज नाही. ‘मला नाही वाटत तो येईल’ असं आपण दिवसातून दहादा म्हणतो. ते चूक नाही, तर हेही नाही.

मेसेजमध्ये नसलेली पण मुंबईतल्या प्रत्येक मुलाखतीत लागणारी एक गोष्ट राहिली. ‘यू डोन्ट हॅव एनी एक्सपिरियन्स?’ असं विचारलं की आपली मुलं ‘येस मॅडम’ म्हणतात. मनात असतं ‘हो, नाहीये’. समोरचा गोंधळतो, त्याला वाटतं अनुभव आहे. मराठीत ‘हो’ प्रश्नाला दुजोरा देतं. इंग्रजीत येस-नो पुढच्या वाक्याशी जुळवायचे असतात. अनुभव नसेल तर ‘नो, आय डोन्ट’, प्रश्न कसाही विचारलेला असो.

आणि ती ठळक ओळ. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना ही ओळ किती लागते, ते मी वर्गात बघते. एक मुलगी दोन आठवडे तोंडच उघडत नव्हती, कारण ‘मी मराठीत विचार करते, मॅडम’. १९६०च्या दशकात एडवर्ड क्लिमा आणि उर्सुला बेलुगी या भाषा-अभ्यासकांनी इंग्रजी मातृभाषा असलेल्या लहान मुलांचं बोलणं टिपून अभ्यासलं. ती मुलं आधी ‘नो सिट देअर’ म्हणत होती आणि पुढे ‘आय डिडन्ट डिड इट’. त्यांच्या डोक्यात मराठी नव्हती. काळ दोनदा लागणं हा शिकण्याच्या वाटेवरचा टप्पा आहे, इंग्रजांच्या घरातलाही.

माझ्या वर्गात वाक्य आधी मराठीत बोलायचं असतं, मोठ्याने. मग विचारायचं, काळ कुठल्या शब्दात बसलाय? ‘पैसे मिळाले नाहीत’मध्ये तो ‘मिळाले’त आहे. तिथून काढून ‘डिड’मध्ये ठेवायचा आणि मग लिहायचं: ‘आय डिडन्ट गेट द मनी.’