अलीकडचं कॉलेज, पलीकडचं कॉलेज

सीईटीचा निकाल लागला की मराठवाड्यात पावसाच्या आधी फोन येतात. "लेकराला किती पडले?" असं जिव्हाळ्यानं विचारणारा माणूस दूरचा मामा नसतो, तो कुठल्यातरी इंजिनिअरिंग कॉलेजातला प्राध्यापक असतो. संस्थेनं 'ॲडमिशन आणा' म्हणून गावं वाटून दिलेली असतात. एरवी त्याच्याकडे थर्मोडायनॅमिक्स असतं, जून-जुलैत रेणापूर तालुका असतो.

भरपूर पर्सेंटाइल पडलेलं लेकरू पुण्याला जातं, त्याची काळजी त्याच्या घरमालकानं करावी. खरा घोळ मधल्यांचा. त्यांच्यापुढे शेवटी दोन कॉलेजं उरतात, एक हायवेच्या अलीकडचं, एक पलीकडचं. दोन्ही खासगी, दोन्ही लहान, दोन्हींच्या फ्लेक्सवर 'शंभर टक्के प्लेसमेंट' आणि अध्यक्षसाहेबांचा नमस्कार. घरात लगेच पक्ष पडतात. वडील अलीकडच्याचे, कारण अध्यक्ष ओळखीचे. आजी पलीकडच्याची, कारण तिकडच्या मेसला भाकरी असते म्हणे. लेकरू ज्या बाजूला दोस्त, त्या बाजूचं. यातला भाकरीचा निकष निदान जाऊन तपासता येतो, म्हणून मी आजीच्या पक्षात.

आधी घरबसल्या होणारं काम. सीईटी सेल, म्हणजे सीईटी घेणारं आणि प्रवेश देणारं सरकारी कार्यालय, दरवर्षी प्रवेशाच्या फेरीनिहाय कट-ऑफच्या पीडीएफ टाकतं. त्यात 'जीओपनएच', 'एलओबीसीएस' असले मंत्र असतात. घाबरू नका. पहिला जी म्हणजे जनरल, एल म्हणजे मुलींची जागा, मध्ये प्रवर्ग, आणि शेवटी एच म्हणजे आपल्या विद्यापीठाच्या हद्दीतले, ओ म्हणजे हद्दीबाहेरचे, एस म्हणजे अख्खा महाराष्ट्र. लोक पहिल्या फेरीचा आकडा पाहून छाती फुगवतात किंवा पाडतात. खरी गोष्ट शेवटच्या फेरीत असते. तिथं एखाद्या शाखेचे रकाने रिकामे असतील किंवा पर्सेंटाइल पार तळाला टेकलं असेल, तर जागा भरत नाहीत असं समजा. साठच्या वर्गात पंधरा पोरं असली की सर प्रत्येकाकडे लक्ष देतात, हे खरंय. पण त्याच पंधरांसाठी संस्था शाखा किती वर्षं चालवील, हा हिशेब अध्यक्षांच्या खिशात असतो.

दुसरी पीडीएफ कॉलेजच्या स्वतःच्या संकेतस्थळावर, 'मँडेटरी डिस्क्लोजर' नावाची. ही टाकणं एआयसीटीईनं, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेनं, सक्तीचं केलंय, म्हणून ती कुठंतरी तळाशी बारीक अक्षरात लपवलेली असते. त्यात शिक्षकांची यादी काढा. वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हा नियम, पण संख्येपेक्षा रुजू झाल्याची तारीख वाचा. सगळे मागच्या जुलैत रुजू झाले असतील, तर जुने सगळे कुठं गेले हे विचारायला हरकत नाही. मग तीच यादी दुसऱ्या कॉलेजच्या यादीशेजारी ठेवा. एकच सर दोन्हीकडं सापडले तर तुमची निवड निम्मी सोपी झाली, कुठंही गेलात तरी शिकवणार तेच. नॅक आणि एनबीए या दर्जा तपासणाऱ्या दोन संस्था; नॅकची श्रेणी अख्ख्या कॉलेजला असते आणि एनबीएचं मानांकन शाखेगणिक, एवढं लक्षात ठेवलं तरी काउंटरवरचे साहेब जरा सांभाळून बोलतात.

आता प्रत्यक्ष भेट. 'पालक मेळाव्या'ला जाऊ नका, त्या दिवशी कारंजंसुद्धा चालू असतं. साधा मंगळवार धरा, सकाळी अकराला, न सांगता. प्रयोगशाळा बघायची म्हणा. किल्ली शोधायला किती वेळ लागतो, हे त्या प्रयोगशाळेचं पहिलं प्रगतिपुस्तक. वर्कशॉपमध्ये लेथ मशीनकडं बघून मान डोलावू नका, खाली वाका. तळाच्या ट्रेमध्ये लोखंडाचा ताजा कीस आणि कूलंटचा वास असेल तर पोरं काम करतात. ट्रे लख्ख आणि चकवर, म्हणजे लोखंड पकडणाऱ्या जबड्यावर, गंजाचा तांबूस थर असेल तर ते मशीन फक्त तपासणी कमिटीला नमस्कार करण्यापुरतं आहे. कॉम्प्युटर लॅबमध्ये उलटं, तिथं झीज शोधायची. कीबोर्डवरची अक्षरं पुसट झालेली, माऊस कळकट, हे शुभशकुन. प्लास्टिकचं कव्हर अजून अंगावर असेल तर नवरदेव बोहल्यावरच चढलेला नाही. लाइट गेल्यावर यूपीएस किती वेळ टिकतं हेही विचारा. उत्तर द्यायला बहुतेक वेळा महावितरण स्वतःच येतं. आणि दारावर 'एआय अँड डेटा सायन्स' अशी नवी पाटी असेल तर पाटीचे स्क्रू बघा. जुन्या भोकांत बसवली असेल तर आधी तिथं कोणती शाखा होती ते शिपाईमामा सांगतील. शिपाईमामा पुष्कळ सांगतात, त्यांना चहा पाजा.

हॉस्टेल जुलैत बघून काय उपयोग? जुलैत मराठवाडासुद्धा कोकण दिसतो. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून लातूरची तहान भागवावी लागली होती. म्हणून विचारायचं ते असं: बोअर किती आणि मेमध्ये चालू किती, टाकी किती लिटरची, टँकर कितव्या दिवशी, आणि टँकरचे पैसे हॉस्टेल फीमध्ये की वेगळे? रेक्टर म्हणाले, "पाण्याचा प्रश्नच नाही," तर तिसऱ्या मजल्यावरच्या संडासात जाऊन नळ सोडून या.

प्लेसमेंटच्या फ्लेक्सवर ज्यांचे फोटो आहेत, त्यातलं एकच पोर तीन कंपन्यांखाली तीनदा हसत नाही ना, तेवढं पाहा. मग आपल्या शाखेची मागच्या वर्षीची ऑफर लेटरं मागा. बऱ्याचदा चहा येतो, लेटर येत नाही.

पैशांपाशी मात्र थट्टा नको. मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कॉलेजनिहाय असते. तिच्याशेजारी बस, हॉस्टेल, गणवेश, डिपॉझिट हे वेगळे लिहून घ्या आणि प्रत्येकाची पावती मागा. फोनवरचे सर म्हणतील, "काका, कॅपच्या भानगडीत कशाला पडता, डायरेक्ट करून टाकू की." इथं कान टवकारा. कॅप म्हणजे सीईटी सेलची गुणवत्तेनुसार होणारी प्रवेश प्रक्रिया, आणि 'डायरेक्ट' म्हणजे ती टाळून थेट कॉलेजात घेतलेला प्रवेश. 2024-25 पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण प्रवेश कॅप फेरीतून झाला असेल तरच. 'डायरेक्ट' केलं की चार वर्षांची माफी त्या एका शब्दात जाते. ओरिजनल टीसी आणि मार्कमेमो 'राहू द्या आमच्याकडं' म्हणाले, तर कागद अडवून ठेवायला यूजीसीची आणि एआयसीटीईचीही मनाई आहे, हे हसत हसत सांगा.

राहिला ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेज आणि शाखांचा पसंतीक्रम भरायचा अर्ज. 2025-26 पासून कॅपच्या चार फेऱ्या आहेत, आणि पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय लागला तर तो आपोआप पक्का होतो, पुढच्या फेऱ्या बंद. त्यामुळे 'बघू लागतंय का' म्हणून गंमतीनं एक नंबरला काही टाकू नका, ते लागतं. अलीकडचं आधी की पलीकडचं, मेकॅनिकल आधी की कॉम्प्युटर, हे भांडण घरी कागदावर उरकून मगच नेट कॅफेत जा. तिथं मोबाइल नंबर स्वतःचाच टाका आणि पासवर्ड कॅफेवाल्याच्या वहीत लिहू देऊ नका. त्या वहीत अख्ख्या तालुक्याचं भवितव्य असतं, आणि रेणापूरवाले सर ती वही चाळायला संध्याकाळी येऊन बसतात.