आधी टेप, मग ट्रक

मे २०२५मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी जाहीर केलं, की पार्किंगच्या जागेचं प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी होणार नाही. तेव्हापासून आमच्या कोथरूडच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर हा विषय अधूनमधून उकळतो. ‘आधी धड बस द्या, मग कागद मागा’ हा एक पक्ष. ‘जागा नाही तर गाडी घेताच कशाला’ हा दुसरा. दोघांचं एकमत फक्त एका गोष्टीवर: ‘तुमचं बरं आहे, कॅनडात घरोघरी गॅरेज!’

मी एडमंटनला राहते आणि कामासाठी फोर्डचा एफ-१५० हा पिकअप ट्रक चालवते, कारण आमच्या साइटचे रस्ते खडीचे आणि हिवाळ्यात बर्फाचे. घरोघरी गॅरेज आहे हे खरंच. पण आमच्या गल्लीतले निम्मे ट्रक गॅरेजबाहेर उभे असतात. काहींचं गॅरेज अडगळीने भरलंय, हे झालंच. बाकीचे आत मावतच नाहीत.

इथलं जुनं गॅरेज बाहेरून वीस बाय वीस फूट. भिंतींची जाडी, आतलं जिप्सम बोर्ड वजा केलं की आत जेमतेम सव्वाएकोणीस फूट उरतात. चार दारांचा, छोट्या हौद्याचा एफ-१५० एकोणीस फूट चार इंच लांब. म्हणजे पुढचा बंपर भिंतीला टेकला तरी मागचं दार लागणार नाही. रुंदीचंही तेच: आरसे उघडे असताना ट्रक जवळपास आठ फूट, आणि जुनं एकेरी दारही आठच फुटांचं. उंचीला सात फुटी दार चालतं, पण टपावर रॅक चढवला की संपलं.

म्हणून मागच्या गल्लीच्या बाजूला नवं गॅरेज बांधलं तेव्हा आधी ट्रक मोजला, मग त्याच्या चारही बाजूंनी माणूस हातात पाना घेऊन फिरेल एवढी जागा धरली. चोवीस बाय सव्वीस फूट, दार सोळा बाय आठ. महापालिकेचा परवाना, काँक्रीटचा स्लॅब, इन्सुलेशन, विजेची वेगळी लाइन मिळून एका मध्यम गाडीएवढे पैसे गेले. जमीन आमची, खर्च आमचा, वर मालमत्ता कराच्या आकारणीतही ते धरलं जातं. सरकारने यातलं काहीही दिलेलं नाही.

आतल्या सामानात लोक अवजारांच्या कपाटाचं कौतुक करतात; मला दाराचं जास्त वाटतं. एवढ्या जड दाराचं वजन मोटर उचलत नाही, वरच्या दांड्यावर पीळ भरलेली स्प्रिंग पेलते. मोटर सोडवून दार हाताने अर्धं उचलायचं. तिथेच थांबलं तर स्प्रिंग ठीक, धाडकन खाली आलं तर माणूस बोलवायचा. त्या स्प्रिंगला स्वतः हात लावायचा नाही, भरलेला पीळ सुटला तर हात मोडतो. छताला टांगलेला गॅसचा हीटर मुद्दाम उंच ठेवलाय, कारण पेट्रोलची वाफ जमिनीलगत साचते. आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. उणे तीस तापमानात दार बंद ठेवून इंजिन गरम करायचा मोह होतो, आणि तो जीवघेणा असतो.

उबदार गॅरेजची दुसरी बाजू विक्रेते सांगत नाहीत. इथे बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात; तो खारट बर्फ ट्रकखाली चिकटून येतो, उबेत वितळतो, आणि ओलं मीठ गोठलेल्या मिठापेक्षा वेगाने लोखंड खातं. म्हणून फरशीला उतार आणि मधोमध जाळी हवीच. छतापासून दोरीने टेनिसचा चेंडू सोडलाय. तो समोरच्या काचेला टेकला की ब्रेक. मागे दार बंद होतं, पुढे वर्कबेंच वाचतं.

आता ग्रुपला न आवडणारी गोष्ट. याच एडमंटनने जुलै २०२०मध्ये नव्या बांधकामांवरची किमान पार्किंगची सक्ती काढून टाकली. कॅनडातल्या मोठ्या शहरांत हे पहिलंच. किती जागा ठेवायची ते बांधणाऱ्याने ठरवायचं, ज्याला हवी त्याने पैसे मोजायचे. दादाला हे पटत नाही. त्याच्या मते पुण्यात असं केलं तर बिल्डर एकही जागा ठेवणार नाही आणि सगळ्या गाड्या रस्त्यावर येतील. त्याची भीती रास्त आहे. इथे रस्त्यावर जागा असते, तिथे फूटपाथसुद्धा गेलाय. उलट आमच्याकडची ऐसपैस घरं पसरत गेल्यामुळे दुधाची पिशवी आणायलाही ट्रक काढावा लागतो. हे नमुना म्हणून उचलावं असं मी कुणाला सांगणार नाही.

पण जागेचं प्रमाणपत्र हवंच असेल तर ते कसलं, यावर ग्रुपमध्ये कुणी बोलत नाही. जपानमध्ये १९६२पासून असा कायदा आहे. घरापासून दोन किलोमीटरच्या आत जागा दाखवायची, तिचा मापांसह नकाशा द्यायचा, आणि पोलिस ठाणं त्यावर दाखला देतं. अर्जात गाडीची लांबी, रुंदी, उंचीही असते. आपल्याकडे नुसता ‘स्टिल्ट (इमारतीखालचं पार्किंग), क्रमांक अमुक’ एवढा कागद पुरला, तर तो कागद एजंटकडे मिळेल.

माप घेणं आपल्याला नवीन नाही. चार मीटरच्या आतली लहान इंजिनाची गाडी असेल तर जीएसटी १८ टक्के, त्यापलीकडे ४० टक्के. म्हणजे कर लावताना सरकार इंचाइंचाचा हिशेब करतं. राज्याच्या विकास नियमावलीत गाडीची जागा अडीच बाय पाच मीटर. दादाला घ्यायची असलेली टोयोटा हायलक्स ही पिकअप ५.३२ मीटर लांब आहे. ती या चौकोनात उभी केली तर फूटभर बाहेर राहणार, शेजारच्याच्या वाटेत. खांबाला लागून असलेल्या जागेत तर दार उघडून उतरताही येत नाही. अशाच तक्रारी वाढल्यावर महारेराने, म्हणजे राज्याच्या गृहबांधणी नियामक संस्थेने, २०२४मध्ये बिल्डरांना करारात पार्किंगची लांबी, रुंदी, उंची लिहायला लावली. ती माहिती आता नव्या फ्लॅटच्या कागदांत असणार आहे. आरटीओने गाडीची मापं तिच्याशेजारी ठेवून बघितली की निम्मं काम झालं.

जुन्या सोसायट्यांचं काय, हा प्रश्न राहतोच. तिथे जागा कमी असल्या की चिठ्ठ्या टाकून वाटप होतं. यंदाची जागा पुढच्या वर्षी दुसऱ्याची. अशा घरातल्या माणसाला प्रमाणपत्र कोण देणार आणि किती वर्षांचं? मंत्र्यांनी आधी याचं उत्तर द्यावं. आणि दादाने हायलक्सचं बुकिंग करण्याआधी टेप घेऊन खाली जावं.