चमचा म्हणजे कुठला चमचा ते आधी सांगा

"किचनमधलं मोजमाप एका नजरेत" असा एक पिवळा फोटो आमच्या दांडिया बाजारच्या घरच्या ग्रुपवर तीनदा येऊन गेला, मी गप्प बसले. पण परवा भाच्याला जुलाब लागले आणि आईने तोच फोटो समोर ठेवून साखर-मिठाचं पाणी केलं, मी घोटभर चाखलं तर खारट जहर!

फोटो म्हणतो: 1 चमचा = 5 मिली, चमचा कुठलाही चालेल, औषधालासुद्धा. 1 कप = 1 वाटी = 250 ग्रॅम, पदार्थ कुठलाही असो. 4 ग्लास = 1 लिटर.

चमचा कुठलाही? 5 मिली हा मापाचा टीस्पून झाला, टेबलस्पून 15 मिलीचा, सरळ तिप्पट. आईने घेतलेला मंगळबाजारातल्या सेटमधला मोठा चमचा मी सिरिंजने मोजला, 15 मिलीला जेमतेम कमी, आणि तिने तो शीग लावून भरलेला. डब्ल्यूएचओचं घरगुती प्रमाण आहे 1 लिटर स्वच्छ पाणी, 6 सपाट टीस्पून साखर, अर्धा सपाट टीस्पून मीठ. त्यांच्या ओआरएसच्या पुडीत लिटरला मीठ फक्त 2.6 ग्रॅम असतं, अर्ध्या टीस्पूनात साधारण 3 बसतं, या मोठ्या चमच्याने अर्धा घेतला तरी 9 च्या आसपास जातं. लहान मुलाच्या रक्तात सोडियम वाढलं तर झटके येऊ शकतात, आणि साखर जास्त झाली की ती आतड्यात पाणी ओढते, म्हणजे जुलाब थांबायचे सोडून वाढतात. आईचं म्हणणं, "तुम्हाला असंच पाजून मोठं केलं." अगं, तेव्हा तू चिमटीने मीठ घालून आधी स्वतः चाखायचीस, अश्रूंपेक्षा खारट नको म्हणायचीस, फोटो बघून नाही घालायचीस! आणि सिरप पाजायचं तर बाटलीबरोबर मापाचं झाकण येतं ते कशाला असतं?

250 ग्रॅमचं तर काय बोलावं, कपात जागा मोजतात, ग्रॅममध्ये वजन. 240 मिलीच्या कपात पाणी 240 ग्रॅम, साखर 200 च्या आसपास, मैदा जेमतेम 125, मध 340 पर्यंत. वहिनीने रेसिपीतल्या दोन कप मैद्याला अर्धा किलो घातला, केक सुरीने कापवेना. शिवाय कप तरी एक कुठाय, अमेरिकन 237 मिलीचा, मेट्रिक 250 चा, राईस कुकरबरोबर येतो तो 180 चा.

वाटीचं एक मात्र मान्य करते, तांदळाला एक आणि पाण्याला दोन वाट्या असं एकाच वाटीने मोजलं तर वाटी कितीची का असेना, भात होतो. फोटोवाल्याचं एवढंच खरं, आणि तेही त्याने लिहिलेलं नाही.

ग्लासचं सोडा, आमच्याकडेच तीन साइझचे आहेत. लिटर हवं तर पाण्याची लिटरची बाटली घ्या. नाहीतर सरळ मेडिकलमधून ओआरएसची पुडी आणा, 200 मिलीची पण मिळते, आणि पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात अख्खी घाला, अर्धी उद्याला ठेवू नका.