पहाटेचा खोकला म्हणजे फुप्फुसांची सफाई नव्हे

‘चिनी वैद्यकातलं अवयवांचं घड्याळ’ हा मेसेज पुन्हा फिरतोय. रात्री 11 ते 1 यकृत, 1 ते 3 पित्ताशय, 3 ते 5 फुप्फुसं, 5 ते 7 मोठं आतडं. त्या त्या वेळी तो तो अवयव म्हणे विषं बाहेर टाकतो. वर ‘नोबेलनेही मान्य केलं’ अशी पुस्ती. एरवी सोडून दिलं असतं. पण आमच्या दमेकरी आत्याने तो वाचून पहाटेचा पंप घेणं थांबवलं, म्हणून लिहिणं भाग आहे.

घातक वाक्य हे: ‘पहाटे 3 ते 5 खोकला आला तर औषध घेऊ नये, विषं बाहेर पडायला अडथळा होतो.’ साफ खोटं! रात्री शरीरातलं अ‍ॅड्रेनालिन उतरतं, श्वासनलिकांची सूज वाढते आणि पहाटेच्या सुमाराला त्या सगळ्यात अरुंद होतात. छातीच्या विकारांच्या डॉक्टर मार्गारेट टर्नर-वॉरविक यांनी ब्रिटनमधल्या 7,729 दमेकऱ्यांची पाहणी 1988 मध्ये प्रसिद्ध केली. त्यातल्या 74 टक्के लोकांना आठवड्यातून निदान एकदा दम्यामुळे रात्री जाग येत होती. छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो, आडवं पडवत नाही, उशीला टेकून बसावं लागतं, तेव्हा विष वगैरे काही बाहेर पडत नसतं. हवेची वाट बंद होत असते. पंप त्याच वेळी घ्यायचा असतो. तो वरचेवर लागत असेल तर दमा आटोक्यात नाही, रोजच्या औषधाबद्दल डॉक्टरांशी बोला. बोलताना वाक्य पुरं होत नसेल तर उजाडायची वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

बरं, मेसेज चिनी परंपरेलाही धरून नाही. तिथल्या ‘त्झ-वू ल्यू-जू’ पद्धतीत 11 ते 1 पित्ताशय आणि 1 ते 3 यकृत, म्हणजे नेमकं उलट. कुठल्या वेळी कुठल्या बिंदूवर अ‍ॅक्युपंक्चरची सुई टोचायची, याचा तो हिशेब होता. तोही सूर्यावर बेतलेल्या वेळेचा. आज सगळ्या चीनमध्ये अधिकृत वेळ बीजिंगचीच आहे, त्यामुळे पश्चिमेच्या काशगरला सूर्य माथ्यावर येतो दुपारी तीनच्या सुमारास. मग तिथल्या माणसाने मेसेजमधलं कोष्टक कुठल्या घड्याळाने पाळायचं?

नोबेलचं म्हणाल तर 2017 चं पारितोषिक हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना मिळालं ते फळमाशीवरच्या कामासाठी. ‘पीरियड’ जनुकाचं प्रथिन रात्री पेशीत साठतं आणि दिवसा विरतं, त्यातून पेशीचं घड्याळ चालतं. अवयवांना दोन-दोन तास वाटून देण्याचा त्यात संबंधच नाही.

शरीराला घड्याळ आहे, एवढं मान्य करावं लागेल. यकृत रात्री कोलेस्टेरॉल जास्त बनवतं, म्हणूनच ते कमी करणारी सिम्व्हास्टॅटिनची गोळी रात्री देतात. वेळेवर झोपा, हा सल्लाही ठीक. पण यकृत चोवीस तास राबतं, फुप्फुसंही. आणि डॉक्टरांनी दिलेला पंप कुठल्याही वाजता चालतो.