‘दोनदा पैसे घेतले, स्टेअरिंग तसंच थरथरतंय’ या तक्रारीला गॅरेजचं उत्तर

नमस्कार साहेब,

एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंत की दोन खेपांना पैसे घेतले, तरी पुणे रोडला नव्वदच्या वर स्टेअरिंग हातात ठरत नाही, आणि आता ‘टायर बदला’ म्हणून फोन येतो, ही लूट आहे. ‘लूट’ हा शब्द मला लागला. पण तुमची दोन्ही जॉबकार्डं काढून बसलो, तेव्हा आमची चूक दिसली. ती आधी सांगतो.

पहिल्याच दिवशी तुम्ही काउंटरवर नीट सांगितलं होतं. ऐंशीपर्यंत गाडी गुळगुळीत, नव्वदला थरथर सुरू, ब्रेकचा काही संबंध नाही. निदान करायला याहून चांगली माहिती मिळत नाही. ब्रेक दाबतानाच थरथरली असती तर आधी ब्रेकच्या डिस्क बघायच्या, ॲक्सिलरेटर दिल्यावरच असती तर ड्राइव्ह शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणारा दांडा, सीटखाली जास्त जाणवली असती तर मागची चाकं. ठराविक वेगाला स्टेअरिंगमध्ये येते म्हणजे पहिला संशय पुढच्या चाकांवर. आमच्या मुलानं मात्र कार्डावर ‘बॅलन्सिंग, अलाइनमेंट’ एवढंच लिहिलं, आणि ट्रायल घेतली ती शहरातल्या सात रस्ता चौकापर्यंत. त्या गर्दीत चाळीसच्या वर गाडी जात नाही. नव्वदला येणारा दोष चाळीसला दिसत नाही, आणि तो न बघताच आम्ही गाडी तुमच्या ताब्यात दिली.

अलाइनमेंटचं, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याचं, तर काही कारणच नव्हतं. गाडी एका बाजूला ओढत असेल, टायर कडेनं खात असेल तर अलाइनमेंट करायची. तुमची गाडी सरळ चालत होती. ते पैसे परत करतोय.

दुसऱ्या खेपेला टाय रॉड एंड, म्हणजे स्टेअरिंगला पुढच्या चाकांशी जोडणाऱ्या दांड्यांची टोकं, बदलले, ते काम खरं होतं. चाक जॅकवर असताना डावी-उजवीकडून धरून हलवलं तेव्हा टकटक आवाज आला, तुम्हीही हात लावून पाहिलात. २०११ च्या गाडीत ते झिजणारच. पण सैल एंड थरथर फक्त वाढवतात, ती जन्माला येते दुसरीकडे. हे तेव्हाच सांगायला हवं होतं, नाही सांगितलं.

आता टायरचं. तिसऱ्यांदा गाडी ठेवून गेलात तेव्हा चाकं मी स्वतः बॅलन्सिंगच्या मशीनवर लावली. डाव्या चाकाला मशीन शून्य-शून्य दाखवत होतं. पण मशीन वजनाचा फरक मोजतं, चाक गोल आहे का ते सांगत नाही. म्हणून खडू टायरजवळ स्थिर धरला आणि चाक हळू फिरवलं. दर फेऱ्याला एकाच जागी खडूची खूण उमटत होती, बाकी टायर मोकळा जात होता. रिमच्या कडेला खडू धरला तर फट सगळीकडे सारखी, म्हणजे रिम सरळ आहे. मग टायरवरून तळहात फिरवला, तर त्या खुणेवरच बोटांना उंचवटा लागला. आतले तारांचे पट्टे रबरापासून सुटायला लागले की असं होतं. नक्षी भरपूर शिल्लक आहे, म्हणून वरून टायर चांगला दिसतो. पण त्याच्यावरचा आकडा १८१७ आहे, म्हणजे २०१७ च्या अठराव्या आठवड्यातला माल, आणि इतकी वर्षं सोलापूरच्या उन्हात उभा. नव्वदला तुमचं चाक सेकंदाला तेराएक फेरे मारतं, म्हणजे तो उंचवटा सेकंदाला तेरा वेळा रस्त्यावर आपटतो.

हे सगळं गाडीपाशी उभं करून दाखवायचं सोडून आम्ही फोनवर ‘टायर बदला’ म्हणालो. तुमच्या जागी मीही चिडलो असतो.

साहेब, एक कळकळीची विनंती. तो टायर घेऊन हायवेला गाडी काढू नका, तुळजापूरपर्यंतसुद्धा नको. पट्टे सुटलेला टायर वेगात आणि उन्हात कधी फुटेल याचा नेम नसतो.

गाडी घेऊन या, सकाळी आठच्या आधी आलात तर रस्ता मोकळा मिळेल. तुमच्याच रिमवर त्याच मापाचा माझ्याकडचा चांगला टायर चढवतो, बॅलन्स करतो, त्याचा एक रुपया नको. मग पुणे रोडवरच्या सावळेश्वर टोल नाक्याच्या दिशेनं जाऊ. स्टेअरिंग तुमच्या हातात, मी शेजारी. थरथर गेली तर पुढचे दोन्ही टायर सोबत बदला, कारण उजवाही त्याच सालचा आहे. ते माझ्याकडूनच घ्या असं नाही, तुमच्या ओळखीच्या दुकानातून आणा, बसवून मी देतो. थरथर राहिलीच तर दोन्ही बिलांची पूर्ण रक्कम तिथंच परत देईन.

तुमचा रिव्ह्यू काढा असं मी म्हणणार नाही. तुम्ही लिहिल्यापासून हायवेच्या तक्रारीची गाडी हायवेवर चालवूनच घेतो आणि चालवूनच देतो.

आपला,
गॅरेजचा मालक